कळ दाबून वाजणारी सनई

तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात विवाहाचे मुहूर्त सुरू होतात आणि आषाढापर्यंत मंगल कार्यालयांना उसंत नसते. या दिवसांत एखाद्या रविवारी सकाळी शहरातील कोणत्याही कार्यालयाच्या दारात उभे राहावे. आतून सनईचे सूर ऐकू येतात. वादन अप्रतिम असते. आत शिरून वादक कोठे बसला आहे हे पाहू लागावे, तर तो कोठेच सापडत नाही. भिंतीवर टांगलेली दोन काळी खोकी दिसतात आणि कोपऱ्यात भ्रमणध्वनीशी खेळत बसलेला एक कंटाळलेला मुलगा दिसतो. सनई वाजत आहे, सनईवाला नाही, आणि याचे नवल वाटावे असे उपस्थितांपैकी कोणालाही वाटत नाही.

गेल्या वैशाखात एका स्नेह्यांच्या कन्येच्या विवाहास उपस्थित होतो. घर सुसंस्कृत, समाजकार्याशी दोन पिढ्या जोडलेले. निमंत्रणपत्रिका निर्दोष मराठीत, वर तिथी, वार, नक्षत्र यथासांग. यजमानांनी पंगतीचा आग्रह धरलेला, प्रत्येक पानाभोवती रांगोळी. गुरुजी प्रत्येक विधीचा अर्थ समजावून सांगत होते आणि तरुण मंडळीही ते ऐकत होती. हे सारे पाहून मन प्रसन्न झाले होते. मुहूर्ताची घटिका आली. मामाने वधूला आणून उभे केले, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके झाली. शेवटचे ‘सावधान’ उच्चारले गेले, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि ध्वनिक्षेपकातून एका गुंतवणूक योजनेची जाहिरात खणखणीत आवाजात सुरू झाली! कोपऱ्यातल्या मुलाने भ्रमणध्वनीवरून फुकट मिळणारे संगीत लावले होते, आणि फुकटच्या संगीतात जाहिराती येतातच. गुंतवणुकीतील जोखमीचा तो घाईघाईने म्हटला जाणारा इशारा संपेपर्यंत वधूवर हातात हार घेऊन उभे होते. पाहुणे हसले. वधूपिता हसले नाहीत.

नंतर सगळ्यांनी त्या मुलाला दोष दिला. मला मात्र त्याची बाजू पटते. त्याला कोणी सांगितले होते, की ‘अक्षता पडल्या की सनईचे काहीतरी लाव.’ त्याने सनईचे काहीतरी लावले. ज्या घराने पत्रिकेतील ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासून घेतले, गुरुजी कोण असावेत यावर महिनाभर विचार केला, त्याच घराने विवाहाच्या मध्यबिंदूवरील नाद ‘काहीतरी’ या शब्दावर सोडून दिला. हा दोष त्या एका घराचा नाही. तो आपणा सर्वांचा आहे, आणि या साप्ताहिकाच्या वाचकवर्गाचा तर विशेष आहे, कारण संस्कृती हा शब्द आपण इतरांपेक्षा अधिक वेळा उच्चारतो.

सनई-चौघडा हे आपल्याकडे केवळ वाद्य नाही, ते मंगलवाद्य आहे. रायगडावर राजसभेच्या प्रवेशद्वारावर नगारखाना आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. गावोगावच्या देवळांत पहाटेच्या आणि सांजेच्या पूजेला चौघडा झडत असे. काही ठिकाणी अजूनही झडतो. राजाच्या दारी, देवाच्या दारी आणि गृहस्थाच्या घरी कार्य असेल त्या दिवशी त्याच्याही दारी, अशी या वाद्याची तीन स्थाने. एका दिवसापुरते का होईना, सामान्य गृहस्थाच्या मांडवाला देवळाची आणि राजवाड्याची प्रतिष्ठा देणारे हे वाद्य आहे. वधूवरांना आपण लक्ष्मीनारायण मानतो, त्याच भावनेतला हा भाग आहे.

आता कोणी म्हणेल, नाद तर तोच आहे ना? तबकडीतून आला काय, यंत्रातून आला काय, सनई ती सनई. हा युक्तिवाद इतका सोयीचा आहे की तो करताना आपण क्षणभरही थांबत नाही. म्हणून सनईवाला मांडवात नेमके काय करतो, ते थोडे सविस्तर पाहू.

चार माणसांचा ताफा असतो. एक मुख्य सनई, एक साथीची. तिसरा माणूस फक्त एक स्वर धरून बसतो, त्याला ‘सूर’ म्हणतात. आणि चौथा चौघड्यावर, खेड्यात संबळावर. सूर धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, पण त्याचे काम सर्वांत कठीण. गाल फुगवून त्यात हवा साठवायची, ती बाहेर सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर मध्ये कोठेही तुटू द्यायचा नाही. तासन्‌तास. ही विद्या पुस्तकातून येत नाही. बापाच्या नाहीतर गुरूच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे गाल दुखवून घ्यावे लागतात.

पहाटे मांडवात देवक बसते, पुण्याहवाचन होते, तेव्हा जाणता वादक ललत किंवा तोडी धरतो. दुपारच्या मुहूर्तावर सारंग येतो. गोरज मुहूर्त असेल तर पूरिया धनाश्री, दिवे लागल्यावर यमन. पाहुण्यांपैकी फार थोड्यांना रागाचे नाव ठाऊक असते, पण सकाळ सकाळसारखी वाटते ती काही अंशी त्यामुळे. जेवणावळीच्या वेळी हाच वादक नाट्यपदे घेतो, आजोबांच्या पिढीची मान पंगतीत बसल्या बसल्या डोलू लागते. हे सारे करताना त्याचे अर्धे लक्ष वाद्यावर आणि अर्धे लक्ष गुरुजींकडे असते. वधू गौरीहरापाशी बसली आहे, वराकडची मंडळी अजून यायची आहेत, मुहूर्ताला अवकाश आहे, हे त्याला न सांगता कळते आणि तो धून लांबवतो. कन्यादानाचा संकल्प सुरू झाला की आवाज खाली आणतो. मंगलाष्टके सुरू झाली की थांबतो. अनेक घरांत म्हटल्या जाणाऱ्या मंगलाष्टकांपैकी एकात तर वाजंत्र्यांनी फार गोंगाट करू नये अशी सूचनाच आहे. ती कोणा शिष्टाने मागाहून घातलेली टीप नव्हे, ती मंगलाष्टकाचाच भाग आहे. म्हणजे मंगलाष्टक रचणाऱ्याने वाजंत्री समोर बसला आहे, तो ऐकतो आहे आणि सांगितले तर थांबतो, हे गृहीत धरले होते. काळ्या खोक्याला अशी सूचना करून पाहावी.

मग शेवटचे ‘सावधान’. चौघड्यावरचा हात वर गेलेला असतो. अंतरपाट सरकतो, त्याच क्षणी तो हात खाली येतो आणि सनई तार सप्तकात उसळते. क्षणाचाही विलंब नाही, कारण तो डोळ्यांनी पाहत असतो. आमच्या लहानपणी या क्षणी अंगावर काटा येत असे. समर्थ रामदास ‘सावधान’ शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या मांडवात तो शब्द गोंगाटात ऐकूच आला नसता, असे कधी कधी मनात येते.

पाठवणीच्या वेळी काय वाजवावे, हेही त्याला कळते. एका खेड्यातील लग्नात मी पाहिले आहे, मुलगी आईच्या गळ्यात पडली तेव्हा म्हाताऱ्या सनईवाल्याने वाजवणे थांबवले, सनई मांडीवर ठेवली आणि नुसता बसून राहिला. सूर धरणारा तेवढा सूर धरून होता. मुलगी गाडीत बसल्यावर मग त्याने भैरवी उचलली. हे कोणी त्याला सांगितले नव्हते. जिवंत संगीत समोरच्या माणसांकडे पाहून वाजते. मुद्रित संगीताला समोर कोण आहे याची गरज नसते. लग्नघरी आणि उद्वाहनातही ते सारखेच वाजते.

आता एका विसंगतीकडे वळू. आपल्या मांडवांत जी मुद्रित सनई वाजते ती बहुतेक वेळा उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची असते. बिहारमधील डुमराँव येथे १९१६ साली जन्मलेले, काशीत वाढलेले आणि २००६ साली काशीतच देह ठेवलेले हे थोर कलावंत. त्यांचे मामा अलीबक्ष काशी विश्वनाथ मंदिराच्या सेवेत वादन करीत. स्वतः उस्तादांची बरीच साधना गंगेकाठच्या बालाजी मंदिरात झाली. गंगा आणि विश्वनाथ यांना सोडून परदेशी स्थायिक होण्याचा विचारही त्यांना सहन होत नसे. २६ जानेवारी १९५० रोजी लाल किल्ल्यावर त्यांची शहनाई वाजली आणि २००१ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले. त्यांच्या वादनाबद्दल आदरापलीकडे काही बोलण्याची माझी योग्यता नाही. पण विचार करावा, आयुष्यभर ज्या माणसाने देवाच्या दारात आणि श्रोत्यांच्या समोर बसून वाजवले, त्याच्या वादनाची नक्कलप्रत आपण देशभरातील हजारो वादकांना घरी बसवण्यासाठी वापरली. त्यात त्यांचा काय दोष? तबकडी निघाली, मग कॅसेट आली, मग सीडी, मग खिशात मावणारे यंत्र. प्रत्येक पायरीवर मुद्रित सनई स्वस्त होत गेली आणि प्रत्येक पायरीवर एकेका गावातील सनई खुंटीला लागली.

आणि खुंटीला लागली ती महाराष्ट्राची सनई. काशीचा बाज वेगळा, आपला वेगळा. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांसारख्या वादकाने सनई मांडवातून मैफलीत नेली, तिच्यावर रागसंगीत मांडले. सोलापूर-अक्कलकोटकडे सनईहून आखूड असे ‘सुंदरी’ नावाचे वाद्य आहे. सिद्राम जाधव यांचे नाव या वाद्याशी कायमचे जोडले गेले. आपल्यापैकी किती जणांनी सुंदरी ऐकली आहे? किती जणांना तिचे नाव तरी ठाऊक आहे? ‘स्वदेशी’चा आग्रह धरणाऱ्या आपल्याला स्वतःच्या जिल्ह्यातील मंगलवाद्याचा पत्ता नसावा, ही गोष्ट खेदाची आहे. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो आणि त्याचा प्रारंभ परंपरेने सनईने होतो. तेथे आपण तिकीट काढून, शाल पांघरून, डोळे मिटून सनई ऐकतो. मग घरच्या कार्याला ती नको कशी होते?

येथे डीजेचा विषय काढल्यावाचून पुढे जाता येत नाही, पण त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. छातीत धडधड होईल अशा आवाजात वरातीपुढे नाचण्यात कोणते मांगल्य आहे, हे मला समजत नाही. कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. लग्नसराईत हे नियम कसे पाळले जातात, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत अनुभवले आहे. मात्र डीजेवर सगळे खापर फोडण्याची आपली सवय मला मान्य नाही. डीजे येण्यापूर्वीच आपण सनईवाल्याला घरी पाठवले होते. जागा रिकामी होती, तेथे डीजे येऊन बसला. शिवाय तरुण मुलांना नाचायचे असते, त्यात गैर काही नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी मनसोक्त नाचावे, आवाज शेजाऱ्यांना सोसेल इतका ठेवावा. संस्काराची वेळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि हे तरुणांना नीट सांगितले तर पटते असा माझा अनुभव आहे. पटत नाही ते वडील मंडळींना, कारण त्यांनी कार्यालयाशी सजावट, भोजन आणि ‘म्युझिक’ असा एकत्रित ठराव आधीच केलेला असतो.

आता खरा मुद्दा. हे सारे बोलले की उत्तर ठरलेले असते. “अहो, हवे तर आम्हालाही आहेत, पण हल्ली सनईवाले मिळतात कुठे?”

मिळत नाहीत, हे अनेक ठिकाणी खरे आहे. का मिळत नाहीत, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात आहे का? सनई-चौघडा वाजवणारे कोण होते? कोठे गुरव, कोकणात घडशी, अनेक गावांत मातंग समाजातील कुटुंबे. मंगलवाद्य वाजवणाऱ्याला आपण मंगल मानले नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. त्याची बैठक मांडवाबाहेर, बहुधा पादत्राणांच्या ढिगाशेजारी. उन्हात, पावसात, कनातीच्या पलीकडे. त्याच्या वाद्याने मुहूर्त साजरा होई, पण त्या मुहूर्ताचा सोहळा पाहण्यासाठी त्याला मान उंचावावी लागे. त्याचे जेवण शेवटच्या पंगतीनंतर, पुष्कळदा घरी बांधून नेण्यासाठी. देणे रोखीत कमी आणि उपकाराच्या भाषेत जास्त. बलुत्याची ती व्यवस्था मोडली. मोडायलाच हवी होती. जातीने गळ्यात मारलेले काम म्हणून ज्यांनी वाद्य खाली ठेवले आणि मुलांच्या हाती पाटी-पुस्तक दिले, त्यांना ‘परंपरा बुडवली’ म्हणून बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी योग्य तेच केले. अयोग्य वागलो ते आपण. त्यांच्या विद्येला कलेचा मान दिला असता, योग्य दाम दिला असता, मांडवात जागा दिली असती, तर पुढच्या पिढीतील निदान एखाद्या मुलाला ते वाद्य स्वेच्छेने हाती घ्यावेसे वाटले असते.

साताऱ्याच्या बाजूच्या एका गावातील वृद्ध सनईवादकांशी मागे बोलणे झाले. साठ वर्षे वाजवतात. मोठा मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, धाकट्याची रिक्षा आहे. दोघांनाही सनई येते. दोघेही वाजवत नाहीत. मी विचारले, “मुलांना का नाही लावलेत यात?” ते हसले. म्हणाले, “साहेब, धाकटा वाजवायचा की. बेस वाजवायचा. एका मोठ्या घरच्या लग्नात जेवायला बसला. वाढणारा आला अन्‌ म्हनला, वाजंत्र्यांचं मागनं. भरल्या पानावरनं उठवला. त्या दिवसापासनं त्यानं सनईला हात लावला नाही. मी बी पुन्हा म्हनलो नाही.”

ते ‘मोठे घर’ कोणाचे होते, हे मी विचारले नाही. विचारण्याची भीती वाटली असे म्हटले तरी चालेल. आपल्या माहितीतलेच निघाले असते तर? समरसतेच्या बैठकीत आपण मांडीला मांडी लावून जेवतो. ती बैठक घरच्या लग्नात, घरच्या पंगतीत, वाढप्याच्या तोंडच्या भाषेपर्यंत पोहोचली की नाही, याची परीक्षा त्या भरल्या पानावर झाली आणि त्या परीक्षेत आपण नापास झालो. त्यानंतर सनईवाले मिळत नाहीत अशी तक्रार करणे शोभत नाही.

याच देशात दुसरे चित्रही आहे. मुंबईत माटुंग्याला एका तमिळ विवाहास जाण्याचा योग आला होता. मध्यमवर्गीय घर, थाटमाट बेताचा. पण नादस्वरम्‌ आणि तविल वाजवणारे मंडपात, विधीच्या अगदी समोर, स्वच्छ चटईवर बसले होते. मंगळसूत्र बांधण्याचा क्षण जवळ आला तेव्हा एका वडीलधाऱ्याने हात उंचावून खूण केली आणि सारी वाद्ये एकदम दुमदुमली. याला ते ‘गेट्टी मेळम्‌’ म्हणतात. त्या क्षणी कोणाची शिंक, कोणाचे भांडण, एखादा अशुभ शब्द वधूवरांच्या कानी पडू नये, हा हेतू. फुलांची कमान कमी केली तरी त्यांना चालते, नादस्वरम्‌ नसेल तर लग्न अपुरे वाटते. तिकडेही जातीचे प्रश्न काही कमी नव्हते आणि तिकडेही वादकांच्या तक्रारी आहेत. सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. पण तिरुपती देवस्थान नादस्वरम्‌ आणि डोलू शिकवणारी शाळा चालवते. श्रीरंगमचे शेख चिन्न मौलाना यांच्यासारख्या मुस्लिम घराण्यातील नादस्वरम्‌वादकाला वैष्णवांच्या त्या तीर्थक्षेत्री अपार प्रेम मिळाले. समाजाने वाद्याला विधीचा अंश मानले म्हणून वादक टिकला. आपण वाद्याला सजावट मानले, आणि सजावट नेहमीच स्वस्तातली शोधली जाते.

आपल्याकडेही मोठी देवस्थाने आहेत आणि त्यांच्याकडे निधीची वानवा नाही. मोठ्या देवस्थानांनी एकेक सनई-चौघड्याची पाठशाळा काढली, तीत कोणत्याही जातीच्या मुलामुलींना प्रवेश दिला, तर दहा वर्षांत चित्र पालटेल. होय, मुलींनाही, सनई मुलींनी वाजवू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? पण देवस्थानांनी हालचाल करीपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावे, असा याचा अर्थ नव्हे. वादक अजून आहेत. पुण्यात आहेत, कोल्हापुरात आहेत, सोलापुरात आहेत, तालुक्याच्या गावी देवळात चौकशी केली तर पत्ता लागतो. त्यांना हवे आहे ते काम, आणि कामाबरोबर मान.

खर्चाचे म्हणाल तर आकाशातून चित्रण करणारे यंत्र, दोन दिवसांत सुकणाऱ्या परदेशी फुलांची कमान, विवाहापूर्वी एखाद्या किल्ल्यावर जाऊन काढलेली छायाचित्रे (किल्ला तेवढ्यापुरताच आठवतो), यांवर आपण काय मोजतो याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा. त्यातील एक बाब कमी केली तरी चार वादकांचा दिवसभराचा योग्य मोबदला बहुधा निघतो. ज्यांना तेवढेही झेपत नाही त्यांनी पूर्ण दिवस न घेता मुहूर्ताच्या आगेमागे दोन तास घ्यावेत. तेही शक्य नसेल तर यंत्र न लावता गुरुजींचे मंत्र आणि बायकांनी म्हटलेली मंगलाष्टके पुरेशी आहेत. शांतता अशुभ नसते. घरातली एखादी मुलगी पेटीवर साथ करील, एखादा भाचा तबला धरील. त्यात चुका होतील, पण त्या आपल्या माणसांच्या चुका असतील.

वादक ठरवताना काही गोष्टी पाळाव्यात. मोबदला आधी बोलून घ्यावा आणि अर्धा आधी द्यावा. कार्य उरकल्यावर घासाघीस करणे हे यजमानाला लाजिरवाणे आहे. वादकांची बैठक मांडवात, विधी दिसेल अशी असावी. ध्वनिक्षेपकाची गरज बहुधा नसते, सनई मुळातच मोकळ्या जागेसाठी घडलेली आहे; लावायचाच तर आवाज बेताचा ठेवावा. गुरुजींची आणि वादकांची गाठ आदल्या दिवशी घालून द्यावी. आणि भोजनाच्या वेळी यजमानाने स्वतः जाऊन त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे, इतर पाहुण्यांच्या शेजारी, त्याच पानावर. वाढप्यांना ही गोष्ट सकाळीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी, कारण चूक तेथेच होते.

आमच्या घरी येत्या माघात कार्य आहे. सभागृह अजून ठरायचे आहे, पण साताऱ्याकडील त्या आजोबांना मी दूरध्वनी केला. वयामुळे आता दम पुरत नाही, म्हणाले. मुख्य सनई दुसऱ्याला द्यावी लागेल, आपण सूर धरू. दुसरा कोण, असे मी विचारले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने सांगितले, “धाकट्याला इचारतो. येईल का न्हाई ठावं न्हाई. पर इचारतो.” मग त्यांनी मुहूर्त सकाळचा की गोरज, एवढे विचारून घेतले.